वरच्या उतारावरची रोपं

रोपाला हात लावला तसा श्रीदेवीच्या बोटांना हिरवा रंग लागला.

तिला वाटलं, औषध फवारलं असेल. तिनं बोटं नाकाशी नेली. भिंतीच्या रंगाचा वास होता. शेजारच्या रोपाची फांदी तिनं चिमटीत धरून हलकेच ओढली, तर सुईसारखी पानं झडून तळहातावर आली. वरून हिरवी, मोडून पाहिली तर आत वाळक्या गवतासारखी तपकिरी.

"रंगच हाय त्यो," पाईप धरून उभी असलेली बाई म्हणाली. तिचं नाव मुक्ताबाई. शेजारच्याच गावातून कामाला यायची. "काल दोन गडी पंप घेऊन आल्ते. उद्या उद्घाटन हाय न्हवं? समदी पिवळी पडल्याली. मालक म्हनले, लोकांला हिरवं दिसाय पायजे."

"आणि बुडाशी हे काय?"

"बर्फ. कारखान्यातनं लाद्या येत्यात सकाळी. फोडून एकेका झाडाला घालतो आमी. थंड मुलखातली झाडं हायती म्हनं." मुक्ताबाईनं पदरानं तोंड पुसलं. "घालतो न घालतो तोवर इरघळून बी जातो."

एप्रिल संपत आला होता. सोलापुरात पारा त्रेचाळीसच्या पुढं गेलेला. अक्कलकोट रोडला शहर मागं पडून जिथं ज्वारीची रानं लागतात, तिथं एका बिल्डरनं 'हिमवन सिटी' उभी केली होती. उतरत्या लाल कौलांचे बंगले, सिमेंटचा धबधबा, फेसाचा बर्फ उडवणारं यंत्र आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आळी करून लावलेली ही रोपं. गुडघ्याएवढी होती. शेकड्यांनी होती. त्यातली निम्मीअधिक मेली होती आणि उरलेली मरत होती.

श्रीदेवी ती बघायलाच आली होती. तिचा धाकटा भाऊ गुरुराज तिला मोठ्या हौसेनं गाडीतून घेऊन आला होता.

तसं तिचं सोलापूरला येणं वर्षातून एकदा व्हायचं. यंदा आई, काशम्मा, हिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून ती लवकर आली होती. बाकी सगळं वर्ष ती कुल्लूच्या वरच्या अंगाला एका खोऱ्यात असायची. तोस नावाच्या झाडावर तिचा अभ्यास चालला होता. आपल्याकडं नाताळात जे झाड सजवतात त्याच्याच नात्यातलं, पण दीडशे फूट वाढणारं. त्या खोऱ्यात जंगलाच्या खालच्या कडेला तोसाची मोठी झाडं अजून ताठ उभी होती. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, सगळं ठीक आहे. पण त्यांच्याखाली वाकून पाहिलं की एकही रोप दिसायचं नाही. बी पडायचं, उगवायचं सुद्धा. पण थंडीत बर्फ पूर्वीइतका पडत नव्हता आणि जो पडायचा तो लवकर वितळायचा. कोवळ्या रोपाचं मूळ खाली ओलीपर्यंत पोचायच्या आत वरची माती वाळून जायची. मोठ्या झाडाची मुळं खोल गेलेली, त्याला ऊन सोसतं. बोटाएवढ्या रोपाला सोसत नाही. तिथं जंगल होतं, पण त्याची पुढची पिढी नव्हती.

पुढची पिढी वर होती. जंगलाच्या वरच्या कडेला, जिथं पूर्वी फक्त गवत असायचं आणि गद्दी लोक मेंढ्या घेऊन यायचे, तिथल्या एका उतारावर तोसाची रोपं धरू लागली होती. हवा तापली तशी त्यांना वर जगता येऊ लागलं होतं. त्याच्याही वर नुसता खडक. म्हणजे एवढाच एक पट्टा. श्रीदेवीनं त्यातल्या काही भागाला तारेचं कुंपण घातलं होतं, आतल्या प्रत्येक रोपाला नंबराची पत्र्याची चकती बांधली होती आणि सात वर्षं ती दरवर्षी वर चढून त्यांची उंची मोजत होती. कुठल्या रोपाचा कुठल्या हिवाळ्यात शेंडा मोडला होता हे तिला तोंडपाठ होतं.

म्हणून हिमवनातलं एक मेलेलं रोप तिनं आळ्यातून उपसलं, तेव्हा ते कुठलं हे तिला फार शोधावं लागलं नाही.

नर्सरीत वाढलेल्या रोपाची मुळं पिशवीच्या आकारानं गोल गुंडाळलेली असतात. ह्याचं मूळ सरळ खाली गेलेलं होतं आणि मध्येच फावड्यानं तोडलेलं होतं. तोडलेल्या जागी काळी, कुजल्या पानांची माती अजून चिकटून होती. सोलापुरात तशी माती कुठं नाही. खोड बुडाशी एका बाजूला वाकून मग सरळ झालं होतं. दर हिवाळ्यात उतारावरचा बर्फ खाली सरकताना रोपांना असं वाकवतो. खोडावरचे फांद्यांचे वळे तिनं बोटानं मोजत नेले. वर्षाला एक. चौदाव्या वळ्यावर तिचं बोट थांबलं.

"गुरू!" तिनं हाक मारली.

गुरुराज धबधब्यापाशी फोनवर बोलत होता. तो हसत हसत आला. शहरात त्याची मोठी नर्सरी होती. बंगल्यांच्या बागा, हॉटेलची लॉन, सगळी कामं तो घ्यायचा. हिमवनाचं कामही त्याचंच.

"काय अक्का, कसं वाटलं? सांगितलो होतो की नाही, तुझा हिमालय सोलापुरात आणतो म्हणून."

"ही रोपं कुठून आणलास?"

"तिकडूनच. एक व्यापारी आहे, तो पुरवतो."

"नर्सरीची नाहीत ही."

"अगं, रोप ते रोप. नर्सरीत काय, रानात काय."

"कुठल्या रानातून?"

गुरुराजनं मुक्ताबाईकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गाडीत बस. ऊन लागेल तुला."

गाडीत एसी लावून दोघं बसली. आरशाला अडकवलेल्या सुगंधी कागदाच्या झाडाचा गोडसर वास नाकात जात होता. श्रीदेवीच्या मांडीवर ते रोप होतं. गुरुराजनं त्याच्याकडं पाहायचं टाळलं.

"दोन वर्षांपूर्वी मी आलो होतो बघ तुझ्याकडं," तो म्हणाला. "तू मला वर नेली होतीस. चढून चढून माझा जीव गेला होता."

तिला आठवत होतं. तिच्या कामात घरच्या कुणीतरी पहिल्यांदाच रस घेतला होता. तिनं त्याला सगळं दाखवलं होतं. पाऊल कुठं टाकायचं, रोपं कशी ओळखायची. तो सारखे फोटो काढत होता, आणि तिला बरं वाटलं होतं.

"तेव्हा खाली गावात हा ट्रकवाला व्यापारी भेटला," गुरुराज सांगत होता. "ओळख झाली. मग शिवराजसाहेबांनी हा प्रोजेक्ट काढला तेव्हा म्हटलं, खरीच झाडं आणू की. देवदाराची रोपं मिळतात तिकडं नर्सरीत, पण ही दिसायला लई भारी. घट्ट, भरगच्च. साहेबांना हीच पसंत पडली."

"म्हणजे तू त्या माणसाला जागा दाखवलीस."

"फोटो पाठवले फक्त. आणि लोकेशन." मग जणू मोठाच दिलासा देतो आहे अशा सुरात तो म्हणाला, "पण अक्का, तुझं एकही नाही काढलेलं! मी त्याला बजावून सांगितलो होतो. चकती असलेल्या झाडाला हात लावायचा नाही. माझ्या बहिणीचं काम आहे ते. कुंपणाबाहेरची तेवढी घे."

श्रीदेवी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची कळा नव्हती. आपण बहिणीची केवढी काळजी घेतली, हे तिच्या लक्षात यावं म्हणून तो वाट बघत होता.  एसीचा वारा, तो गोड वास, बोटांवरचा चिकट हिरवा रंग, सगळंच अंगावर आलं. ती दार उघडून बाहेर पडली आणि रस्त्याकडेला वाकून बोटांवरचा रंग मातीत पुसत राहिली.  

"उन्हात उभी राहू नको गं," आतून गुरुराज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खोऱ्यातल्या दुनीचंदला फोन लावला. तो त्याच गावचा, तिच्याबरोबर मोजणीचं काम करायचा. हिवाळाभर वरची वाट बंद होती आणि ती उघडल्यावर मोजणीला अजून कुणी उतारावर गेलं नव्हतं. दुनीचंद त्याच दिवशी चढून गेला. दुपारी त्याचा फोन आला.  तारेच्या आतलं सगळं जागच्या जागी आहे, म्हणाला. तारेच्या बाहेर काही नाही. खड्डे आहेत. वितळत्या बर्फाचं पाणी त्या खड्ड्यांतून वाट काढतंय आणि माती खाली चाललीय.

"फोटो काढ," श्रीदेवी म्हणाली. "सगळ्या बाजूंनी काढ. वनखात्याच्या रेंज ऑफिसला मी बोलते."

संध्याकाळी उद्घाटन होतं. ती जाणार नव्हती. पण काशम्मानं डोळ्यांवरचा काळा चष्मा नीट करत विचारलं, "तुझं नाव छापलंय म्हणं कार्डावर? पाहुणी म्हणून?" गुरुराजनं तिला न विचारता ते केलं होतं. 'हिमालयातील ज्येष्ठ शास्त्रज्ञ'. मग श्रीदेवीनं ठरवलं, जायचं.

शिवराज बिराजदार, म्हणजे हिमवनाचा मालक, दारातच स्वागताला उभा होता. साठीचा, गोरापान, तोंडात बडीशेप. "या मॅडम, या. तुमच्यामुळंच शोभा आहे," म्हणाला. रंग मारलेल्या रोपांवर बारीक दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. कोणीतरी हवेत पाइनचा सेंट फवारत होतं. यंत्रातून फेस उडत होता आणि पोरंबाळं, बायका, पाहुणे त्यात नाचत फोटो काढून घेत होते. तो फेस रोपांवर पडत होता आणि विरघळताना हिरवे ओघळ होऊन खाली येत होता.

शिवराज बोलायला उभा राहिला. "आपल्या सोलापूरचं ऊन सगळ्यांना माहीत आहे. दरवर्षी वाढतंच आहे. ग्लोबल वॉर्मिंग म्हणतात ना? सगळे नुसती चर्चा करतात. आम्ही उत्तर शोधलं. म्हटलं, थंड हवेच्या गावाला आपण का जायचं? थंड हवेचं गावच इथं आणू."

टाळ्या झाल्या. मग श्रीदेवीच्या हाती माइक आला.

ती भाषण करणारी बाई नव्हती. तिनं सरळ सांगितलं.

"ही झाडं मेलेली आहेत," ती म्हणाली. "हात लावून बघा, रंग लागेल. नर्सरीत वाढवलेली नाहीत ही, डोंगरावरून उपटून आणलेली आहेत. गुडघ्याएवढं दिसतंय ते रोप चौदा-पंधरा वर्षांचं आहे. खाली ऊन वाढलं म्हणून ते जंगल वर सरकत होतं. जंगल सरकतं ते ह्या रोपांच्या जिवावर. मोठं झाड जागचं हलत नाही. ज्या उतारावर ती जगत होती, तिथून पुढं त्यांना जागा नाही. वर खडक आहे. तिथून ती काढून तुम्ही इथं आणलीत, त्रेचाळीस डिग्रीत, आणि बुडाशी बर्फाच्या लाद्या ठेवल्यात."

 पुढच्या रांगेतल्या एका बाईनं शेजारच्या रोपाला बोट लावलं, रंग बघितला आणि नवऱ्याला दाखवून हसली.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं घाईनं माइक घेतला. "वा! किती तळमळीनं बोलल्या मॅडम! झाडांवरचं हे प्रेम आपण सगळ्यांनी घेण्यासारखं आहे. जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

आणि खरोखर टाळ्या झाल्या. जोरात झाल्या. शिवराज स्वतः टाळ्या वाजवत पुढं आला. त्यानं श्रीदेवीच्या खांद्यावर शाल घातली, फोटोग्राफरकडं तोंड केलं आणि हसता हसता हळू म्हणाला, "मॅडम, मेली तर नवीन आणू की. त्यात काय एवढं?"

श्रीदेवीनं शाल काढून खुर्चीवर टाकली आणि ती गेटाकडं चालू लागली. गुरुराज मागून धावत आला.

"अक्का, माझी इज्जत घालवलीस. एवढ्या लोकांत!"

"कुठं गेली? टाळ्या वाजवल्या त्यांनी."

"कामं मिळतात मला ह्यांच्याकडून. तुला काय, तू डोंगरात बसतीस."

"गुरू, मी तक्रार देणार आहे. तुझं नाव घालून."

त्याला ते खरंच वाटलं नाही. "वेड्यासारखं बोलू नको," म्हणाला. "झाडं आहेत ती. माणसं मारलो काय मी?"

ती रिक्षा करून घरी आली. काशम्मा ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी झाकून वाट बघत बसली होती. "ऊट आयता?" तिनं विचारलं. जेवलीस का, हा तिचा रोजचा पहिला प्रश्न. श्रीदेवीला जेवण जाणार नव्हतं. तिनं आईला सगळं सांगितलं, घरच्या कानडीत सांगितलं, त्यामुळं काही सौम्य करून सांगता येईना. 

"तुरुंगात घालतील काय त्याला?" काशम्मानं विचारलं.

"दंड होईल बहुतेक. केस चालेल."

 काशम्मा म्हणाली, "लहानपणी हा शेजारच्यांच्या परड्यातली फुलं तोडून आणायचा देवाला. मी ओरडले की म्हणायचा, अव्वा, तुझ्या झाडाची नाही तोडली. मला तेव्हा कौतुक वाटायचं." तिनं ताट श्रीदेवीपुढं सरकवलं. "दे तक्रार. पण माझ्यापुढं त्याच्याबद्दल बोलायचं नाही. आणि त्यालाही मी तुझ्याबद्दल बोलू देणार नाही."

श्रीदेवीनं तक्रार दिली. त्या व्यापाऱ्याचा ट्रक पुढच्याच महिन्यात दुसऱ्या खोऱ्यातून रोपं आणताना पकडला गेला. शिवराज बिराजदारनं वकिलामार्फत कळवलं की माल कुठून आला याची त्याला कल्पना नव्हती. सगळी जबाबदारी पुरवठादाराची, म्हणजे गुरुराजची. हिमवनातली रोपं मे महिन्यातच पार वाळली. ती उपटून त्या जागी प्लॅस्टिकची झाडं लावली गेली. ह्यांना पाणी लागत नाही, रंग लागत नाही, असं शिवराज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला. फेसाचं यंत्र चालूच राहिलं. मुक्ताबाईचं काम सुटलं. प्लॅस्टिकला पाणी कोण घालणार?

सप्टेंबरात गुरुराजला जबाबासाठी खोऱ्यातल्या रेंज ऑफिसला बोलावणं आलं. तो एकटाच आला. उतरला लॉजवर, पण दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीदेवीच्या दारात येऊन उभा राहिला. वाळला होता. तिनं चहा दिला. पाच महिन्यांत दोघांचं बोलणं नव्हतं.

"मला दाखव ती जागा," तो म्हणाला.

तिला नेण्याची अजिबात इच्छा नव्हती. तरी ती निघाली. वाटेत तो दर वळणावर बसत होता आणि ती पुढं जाऊन थांबत होती, त्याच्याजवळ बसत नव्हती. खालच्या म्हाताऱ्या तोसांतून वर आल्यावर झाडी संपली आणि उतार समोर आला.

पावसानं खड्डे राहिले नव्हते. त्यांच्या जागी घळी पडल्या होत्या. काळी माती वाहून गेली होती, खालचा मुरूम उघडा पडला होता आणि त्यात गवतही धरलं नव्हतं. मधोमध तारेच्या कुंपणाचा चौकोन होता. आत रोपं उभी, प्रत्येकाच्या गळ्यात चकती. एका बाजूनं घळ कुंपणाच्या आत शिरली होती आणि कडेची काही रोपं मुळं उघडी पडून कलंडली होती.

गुरुराज धापा टाकत उभा राहिला.

"ही तर मी सोडायला सांगितली होती," तो म्हणाला.

"सोडलीच की त्यांनी."

त्यानं वाकून एक कलंडलेलं रोप सरळ धरलं, हातानं थोडी माती ओढून बुडाशी दाबायला लागला. माती हाती येईना, नुसते खडे येत होते. श्रीदेवी त्याच्याकडं बघत होती. त्याची पाठ, मानेवरचा घाम, वारलेल्या वडिलांसारखी बसायची ढब. हा आपला भाऊ आहे, आणि आपल्याला त्याची किळस येते, हे तिनं मनात पहिल्यांदा नीट म्हणून पाहिलं. म्हटल्यानं ती कमी झाली नाही.

"परत येतील ना गं?" त्यानं वर न बघता विचारलं.

"बी खालच्या झाडांकडून यायला पाहिजे. ती दरवर्षी धरत नाहीत. ज्या वर्षी धरतील त्या वर्षी वारा वरच्या बाजूला पाहिजे. मग हिवाळ्यात पांघरुणाएवढा बर्फ पाहिजे, वसंतात पाऊस पाहिजे, आणि रुजायला माती पाहिजे. हे सगळं जमलं तर पंधरा वर्षांनी एवढं होईल." तिनं गुडघ्याशी हात धरला. "पण माती गेलीय."

 गुरुराजनं खिशातून फोन काढला आणि उताराकडं धरला.

"ठेव तो आत," श्रीदेवी म्हणाली.

"कुणाला पाठवायचा नाही अक्का. माझ्यासाठी."

"आत ठेव म्हटलं."

त्यानं ठेवला. मग ती कुंपणात उतरली आणि घळीच्या तोंडाशी दगड रचायला लागली, पाणी वळवायला. गुरुराजही आला. तो दगड आणून देऊ लागला. तिनं ते घेतले, कारण दगड पाहिजेच होते. दुपारी ढग खाली येईपर्यंत दोघं तेच करत राहिली, आणि मग वाटेत अंतर ठेवून खाली उतरली.